डॉल्फीची रीत, झाडीपट्टीचा मंच: विनोदी पार्ट कसा बांधायचा

धान कापून झालं, भाऊबीज सरली की झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावची जत्रा लागते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात आणि रात्री नाटक असतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं ते पहाटेपर्यंत. एवढा वेळ माणसं जागी ठेवायचं काम नाचगाण्याइतकंच विनोदी नटाचं असतं. वडशाच्या नाटक कंपन्यांमध्ये हे काम मुरलेले नट करतात, त्यांना इथलं काही नवं वाटणार नाही. हे लिखाण गावातल्या हौशी मंडळात 'विनोदी पार्ट' अंगावर आलेल्या पोरांसाठी आहे.

नमुना म्हणून फिलिपिन्सचा विनोदी नट डॉल्फी घेतला आहे. जवळचा नमुना नाही म्हणून नव्हे. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीच्या रंगमंचावरल्या कामासाठीच. पण जवळच्या नटाची अडचण अशी की त्याची चाल, त्याचा आवाज, त्याचं तोंड वाकडं करणं गावातल्या दहा पोरांनी आधीच उचललेलं असतं, आणि प्रेक्षक ती नक्कल पहिल्या मिनिटात ओळखतो. परक्या भाषेतल्या नटाचे विनोद चोरताच येत नाहीत. त्यामुळे लक्ष आपोआप तो काय करतो, कुठे उभा राहतो, कधी गप्प बसतो याकडे जातं. उचलायचं ते तेवढंच.

आधी माणूस कोण ते

रोडोल्फो व्हेरा किझोन, जन्म 25 जुलै 1928, मनिलातल्या टोंडो या गरीब वस्तीत. दहा भावंडांत दुसरा. बाप जहाजावर मेकॅनिक, आई शिवणकाम करायची. पोरवयात त्याने बूट पॉलिश केले, बाटल्यांची बुचं आकारावारी निवडली, पँटींना बटणं लावली. थिएटरात शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया विकल्या, कारण विकणाऱ्याला खेळ फुकट दिसायचा.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी फिलिपिन्स ताब्यात घेतल्यावर अमेरिकी सिनेमे बंद झाले आणि थिएटरं 'बोडाबिल'ने भरली. बोडाबिल म्हणजे गाणं, नाच, छोटे विनोदी प्रवेश, कसरती असं सगळं एकाच रात्रीत. झाडीपट्टीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. डॉल्फी त्यात आधी नाचणाऱ्यांच्या रांगेत शिरला आणि 'गोलाय' या नावाने विनोदाकडे वळला. विमानहल्ल्याचा भोंगा वाजला की नट आणि प्रेक्षक मिळून आसऱ्याला पळायचे, काही झालं नाही तर परत येऊन खेळ पुढे चालू. 1950 च्या दशकात सॅम्पागिता पिक्चर्सच्या सिनेमांत आला आणि 'डॉल्फी' हे नाव लागलं. टीव्हीवर 'जॉन एन मार्शा' 1973 ते 1990 आणि 'होम अलाँग दा रिलेस' 1992 ते 2003 चालली. 10 जुलै 2012 ला तो गेला. तिकडे त्याला विनोदाचा राजा म्हणतात.

पाहायचं कसं? यूट्यूबवर त्याचे तुकडे सापडतात. तीन-चार मिनिटांचा एक घ्यायचा आणि पहिल्यांदा आवाज बंद करून पाहायचा, नजर फक्त पायांवर ठेवून. दुसऱ्यांदा, आवाज बंदच, पण नजर त्याच्यावर नाही, समोरच्या नटावर. तिसऱ्यांदा आवाज लावून, आणि प्रेक्षक हसले तिथे पेनने रेघ मारत. रेघ जिथे पडते त्याच्या आधीचे तीन सेकंद परत पाहायचे. बहुतेक वेळा हसू वाक्याला आलेलं नसतं, वाक्यानंतरच्या चेहऱ्याला आलेलं असतं. तीन-चार तुकडे असे झाले की पुरे. जास्त पाहिलं की नक्कल अंगात शिरते.

पाय आधी, तोंड नंतर

डॉल्फी विनोदाला आला तो नाचणारा म्हणून, आणि हे त्याच्या उभं राहण्यातही दिसतं. हौशी विनोदी नट नेमकं उलट करतो: संवाद पाठ करतो, चेहरे वेडेवाकडे करतो आणि पाय विसरतो. मंडपातल्या शेवटच्या माणसाला चेहरा दिसतच नाही. त्याला दिसते चाल.

महिनाभर रोज वीस मिनिटं एवढं करायचं. ढोलकीवाल्याला आठ मात्रांचा साधा ठेका धरायला सांगायचा. त्यावर एका विंगेतून दुसऱ्या विंगेत आठ मात्रांत जायचं, मग सोळात, मग चारात. ठेका तोच, चाल वेगळी. तिन्ही जमल्यावर चौथा प्रकार: सहाव्या मात्रेला थांबायचं, सातवी-आठवी रिकामी जाऊ द्यायची आणि पुढच्या समेवर पाऊल टाकायचं. ही रिकामी जागा म्हणजेच विनोदाची वेळ. संवादात ती पुढे आपोआप येते. पायात नसेल तर संवादात कधीच येत नाही.

मग भूमिकेची एकच चाल ठरवायची. ती कुठल्या तरी कामातून आलेली असावी. रोवणीत (भातलावणीत) दिवसभर वाकलेला माणूस पाठ सरळ करताना आधी हात कमरेवर ठेवतो. डोक्यावर भारा वाहणारा मान न वळवता अख्खा वळतो. असं एक घ्यायचं, दोन नाही. लंगडणं, तिरळं पाहणं, तोतरं बोलणं घेऊ नये. तसा माणूस समोर बसलेला असतो हे एक कारण, आणि दुसरं कारण धंद्याचं: असल्या गोष्टीला हसू पहिल्या प्रवेशात येतं, तिसऱ्यात येत नाही, आणि नाटकाचे अजून चार तास बाकी असतात.

मंचावरची एक अडचण इथेच सांगून टाकू. फळ्यांच्या मंचावर धावलं की धाडधाड आवाज होतो, वर टांगलेले माइक तो उचलतात आणि पुढचं वाक्य बुडतं. म्हणून धावत यायचं असेल तर शेवटची चार पावलं चवड्यावर घ्यायची, थांबायचं, एक श्वास, मग बोलायचं. आणि बोलताना माइक आपल्या पुढे असावा, डोक्याच्या मागे नाही. दोन माइकच्या मधोमध उभा राहून विनोद करणाऱ्याचा अर्धा विनोद हवेत जातो. दिवसाउजेडी मंच बांधून झाला की माइकखाली खडूने फुली मारून घ्या.

जोडीदार

डॉल्फीचं नाव जोडीने घेतलं जातं ते पँचितो आल्बासोबत. बोडाबिलच्या मंचावर जुळलेली ही जोडी सिनेमात आणि टीव्हीवर अनेक वर्षं टिकली. त्यांचा गाजलेला एक प्रकार साधा होता: एकाने इंग्रजी गाणं म्हणायचं आणि दुसऱ्याने शेजारी उभं राहून ओळीगणिक आपल्या भाषेत त्याचा भलताच अर्थ लावायचा.

ह्यातला गंभीर माणूस महत्त्वाचा. हौशी मंडळात दोन्ही नटांना हसवायचं असतं, म्हणून दोघंही हसवत नाहीत. जोडीदाराला तीन नियम द्यावे लागतात. त्याने कधीही हसायचं नाही. त्याने आपलं वाक्य पूर्ण, खणखणीत आणि खरं मानून म्हणायचं. आणि प्रेक्षक हसत असताना त्याने विनोदी नटाकडे बघत राहायचं. त्याचा राग म्हणजेच हसणाऱ्यांना मिळालेली परवानगी.

तीच रचना आपल्या मातीत अशी बसते. गावचे गुरुजी पोस्टाने आलेलं पत्र वाचत आहेत, सुकरू लोकांना समजावतो आहे.

गुरुजी: सदर अर्जदारास कळविण्यात येते की...
सुकरू: सदरा घेऊन बलावलं गा.
गुरुजी: आपला अर्ज विचाराधीन आहे.
सुकरू: अर्ज इचार करून रायला. आपन नोको करू.
गुरुजी: त्रुटींची पूर्तता करावी.
सुकरू: तुटलं त जोडून आना म्हनते.
गुरुजी: अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.
सुकरू: (थांबून) हे समजलं, गुरुजी.

चार पायऱ्या. पहिलीला थोडं हसू, दुसरी-तिसरीला मोठं, चौथीला विनोद नाहीच. चौथी म्हणताना सुकरूने लोकांकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं. इथे बहुतेक पोरं पाचवी पायरी घालतात, कारण तिसरीला टाळ्या पडलेल्या असतात. घालू नये. पाचवी आली की चौथी मेली.

हसू येत असताना पुढचं वाक्य केव्हा टाकायचं? हसू चढतं, टोकाला जातं, उतरू लागतं. ते उतरायला लागलं की बोलायचं, पूर्ण थांबायची वाट पाहायची नाही. चढत असताना बोललं तर वाक्य कोणाला ऐकूच येत नाही आणि लोक हसणं आवरतं घेतात. एकदा आवरतं घेतलेलं हसू रात्रभर परत तेवढं येत नाही. आणि हसू आलंच नाही तर? थांबू नका. जणू तो विनोद नव्हताच अशा वेगाने पुढे जा.

पँचितोच्या नाकारूपावरून डॉल्फीने भरपूर चेष्टा केली. ती चालली कारण पँचितो तितक्याच जोरात उलटून बोलायचा. गावच्या मंडळात हे उचलताना जपून. जोडीदार खऱ्या आयुष्यात गरीब, कमी जातीचा किंवा काळा असेल तर ती चेष्टा मंचावरून खाली उतरते आणि सकाळी त्याच्या दारात जाते. चेष्टा करायचीच तर ती मंचावर ज्याचा रुबाब जास्त त्याची: सावकाराची, सरपंचाची, नागपूरहून आलेल्या जावयाची.

घर: विनोदी माणसाला पत्ता लागतो

डॉल्फीच्या टीव्हीवरल्या दोन्ही मोठ्या कामांत विनोद घरातून येतो. 'जॉन एन मार्शा'मध्ये जॉन पुरुनतोंग हा गरीब नवरा, बायको मार्शा श्रीमंताघरची, सासू पैशावाली आणि जावयावर कायम चिडलेली. 'होम अलाँग दा रिलेस'मध्ये केव्हिन कोस्मे हा बायको वारलेला बाप मुलांसह रेल्वेरुळाला लागून राहतो, आणि गाडी गेली की अख्खं घर हलतं.

झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी पात्र बहुधा नोकर म्हणून येतं आणि वाड्यावर फिरत राहतं. त्याचं स्वतःचं काहीच नसतं, म्हणून त्याला फक्त फटकेबाजी उरते. लेखकाला सांगून त्याला एक प्रवेश तरी स्वतःच्या घरात मागून घ्या. घरात तीन गोष्टी हव्यात: एक वस्तू जी चालत नाही, एक माणूस जो त्याला मोजत नाही आणि एक माणूस ज्याच्यासाठी तो राबतो.

गाडीचा प्रवेश वडसा, नागभीड, ब्रम्हपुरीकडे हमखास चालेल, कारण गोंदिया-बल्लारशा रेल्वे तिथल्या लोकांच्या ओळखीची आहे. बांधायचा असा.

दहा फुटांचा एक बांबू मागच्या पडद्यापुढे दोन दोऱ्यांवर आडवा लटकवायचा, एवढ्या उंच की टांगलेली भांडीही कोणाच्या डोक्याला लागणार नाहीत. त्यावर तारेच्या आकड्यांनी आठ-दहा जर्मनची (अॅल्युमिनियमची) भांडी टांगायची. स्टीलची नको: त्यांचा आवाज टोकदार असतो, माइक किंचाळतो. जर्मनची भांडीसुद्धा एकमेकांपासून चार बोटं दूर ठेवून दोन-तीन भांड्यांच्या कानांना चिंधी गुंडाळायची, म्हणजे खडखडाट होतो पण कान बसत नाहीत. बांबूच्या एका टोकाला सुताची जाड दोरी बांधून ती विंगेत न्यायची. नायलॉनची दोरी थंडीत बोटांतून सटकते. ओढणारा एकच माणूस ठेवा आणि त्याला मंच दिसला पाहिजे. झटके द्यायचे ते छोटे आणि भराभर. जोरात ओढलं की बांबू झोक्यासारखा हलतो, गाडी वाटत नाही, भूकंप वाटतो.

आवाजाला सहा बाय दोन फुटांचा टिनाचा पत्रा विंगेत टांगून हलवता येतो. ऑक्टोपॅडवाला चांगला असेल तर त्यालाच द्या; तो समोर बसून बघत असतो, वेळ चुकत नाही. पेनड्राइव्हवरचा आवाज टाळा, सुरू व्हायला दोन सेकंद जातात आणि त्या दोन सेकंदांत प्रवेश पडतो.

पडणाऱ्या वस्तू दोनच: एक रिकामा डबा आणि भिंतीवरची तसबीर. तसबिरीला काच लावू नये, चित्र पुठ्ठ्यावर चिकटवा. देवाचं किंवा महापुरुषाचं चित्र तर मुळीच नको, त्यावरून रात्री दोनला भांडण उभं राहतं. आज्याचा फोटो चालतो. राख, माती, पीठ उडवायचा मोह होतो. उडवलं की माइकखालचा नट पुढची पाच मिनिटं खोकतो.

आता अभिनय. आवाज दुरून येतो, तीन सेकंद. कोणीही वर बघत नाही. प्रत्येकाने आपली ठरलेली वस्तू धरायची: बायकोने चुलीवरचं गंज म्हणजे पातेलं, पोराने कंदील, आज्याने स्वतःचे दात, आणि बोलणं तसंच चालू, फक्त आवाज चढवून. नवीन आलेला पाहुणा तेवढा घाबरतो. दहा-बारा सेकंद हलणं, मग एकदम शांतता, सगळ्यांचे आवाज खाली, आणि तेव्हा, उशिराने, डबा पडतो. घरच्यांनी दचकायचं नाही. ते दचकले की विनोद संपला, कारण सगळी गंमत या लोकांना त्याची सवय झाली आहे यात आहे.

दुसऱ्यांदा हेच निम्म्या वेळात करायचं, आणि आता पाहुण्यानेही काहीतरी धरायचं. तिसऱ्यांदा गाडी येतच नाही. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी वस्तू धरलेल्या, बोलणं थांबलेलं, आणि गाडी लेट. इथे जेवढं थांबता येईल तेवढं थांबावं. चौथ्यांदा नको.

लाइटवाल्याला आधी विचारून घ्या की वायर कुठून जाते. बांबूची दोरी आणि हॅलोजनची वायर एकाच खांबाला बांधलेली असते, आणि पहिल्याच झटक्यात अर्धा मंच काळोखात जातो. दिव्यापासून बांबू तीन फूट लांब हवा.

ठरलेलं वाक्य कोणाला द्यावं

'जॉन एन मार्शा'तलं लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य सासूचं होतं: 'म्हणून म्हणते जॉन, हातपाय हलव' अशा अर्थाचं. डॉल्फीला मिळायचं ते फक्त ऐकून घेणं. विनोदी नटांनी हे नीट पाहावं. आपल्याकडे ठरलेलं वाक्य विनोदी नट स्वतः घेतो आणि प्रवेशागणिक फेकतो. दुसऱ्या अंकापर्यंत पोरंटोरंच ते आधी ओरडू लागतात. तेच वाक्य रागावणाऱ्याला दिलं तर लोक वाट पाहतात ती तुमच्या तोंडाची, आणि ते तोंड दर वेळी वेगळं करता येतं.

रात्रीत तीनदा. फार तर चारदा. शेवटच्या वेळी रागावणारा माणूस ते वाक्य अर्ध्यावर सोडतो.

लुगडं नेसून

खडी गंमत या इथल्या लोकनाट्यात नाच्या आहे, सोंगाड्या आहे, त्यामुळे पुरुषाने लुगडं नेसून मंचावर येणं इकडे कोणाला नवं नाही. डॉल्फीने 1954 पासून बायकी पुरुषांच्या भूमिका केल्या. सुरुवातीच्या कामांत हातवारे, लचकणं, किंचाळणं भरपूर होतं आणि आज ती थोडी टोचतात. मग 1978 मध्ये लिनो ब्रोका या दिग्दर्शकाचा 'आंग तातय कोंग नानाय' आला, त्यात तो एका मुलाला वाढवणारा समलिंगी माणूस आहे. भूमिकेचा मूळ प्रकार तोच, पण लक्ष हातवाऱ्यांवरून पोराच्या जेवणावर गेलं. 2000 च्या 'मार्कोव्हा'मध्ये एकाच माणसाची तीन वयं त्याने आणि त्याच्या दोन मुलांनी, एरिक आणि जेफ्री यांनी, वाटून घेतली.

कामाला लागताना हीच दिशा धरायची. तालमीत सुचतील ते सगळे बायकी हावभाव कागदावर लिहा आणि एक सोडून बाकी खोडा. उरलेला एक बहुधा पदराचा असावा, कारण पदर दुरूनही दिसतो. नऊवारी नेसायची तर आठ दिवस आधीपासून तालमीत नेसूनच वावरा. नाटकाच्या रात्री पहिल्यांदा नेसणारा अख्खा वेळ कासोटा सांभाळतो आणि लोक त्यालाच हसतात. छातीला कापडाचे बोळे भरू नयेत, दुसऱ्या अंकात ते सरकतात. आणि पात्राला आपण हसण्यासारखे आहोत हे माहीत नसावं.

प्रॉम्प्टरशी करार

झाडीपट्टीचं नाटक प्रॉम्प्टरच्या, म्हणजे आडून संवाद पुरवणाऱ्याच्या, भरवशावर उभं असतं. तालमी थोड्या, पार्ट मोठे. विनोदी नट मात्र पदरची वाक्यं टाकणारच, ते कोणी थांबवू शकत नाही. डॉल्फीही मंचावर वाढलेला, वेळेवर सुचलेलं टाकणारा. पण सुटलेला नट परत रुळावर कसा येणार हे आधी ठरलेलं नसलं तर समोरची नायिका तोंड उघडं ठेवून उभी राहते आणि प्रॉम्प्टर घाबरून मोठ्याने वाचतो. ते माइकमधून गावाला ऐकू जातं.

उपाय सोपा आहे. जिथे पदरचं टाकायचं त्या जागा संहितेत आधीच चौकटीने दाखवा, प्रवेशाला एक. प्रत्येक चौकटीचं शेवटचं वाक्य ठरलेलं, शब्दाला शब्द. मध्ये काहीही बोला, एक मिनिट बोला, तीन मिनिटं बोला, पण बाहेर पडायचं ते त्याच वाक्याने. प्रॉम्प्टर ते वाक्य ऐकेपर्यंत पान उलटत नाही. नायिकेला हे वाक्य पाठ पाहिजे, तुमच्याइतकंच.

बोलीचं म्हणाल तर नायक-नायिका पुस्तकी बोलतात आणि विनोदी पात्र झाडीबोलीत, ही रीत आहे. ती पाळा, पण बोली म्हणजेच विनोद असं समजू नका. 'मले, तुले, कायले' एवढ्यावर हसणारा प्रेक्षक शहरातला. इथल्याला ती घरची भाषा आहे. त्याला त्या भाषेत शहाणपणाचं काहीतरी ऐकायला आवडतं. आणि गोंदियाकडची, गडचिरोलीकडची, ब्रम्हपुरीकडची तऱ्हा थोडी थोडी निराळी असते, ज्या गावात खेळ त्या गावची दोन-चार वळणं संध्याकाळीच चहाच्या टपरीवर उचलून ठेवावीत.

थंडी, घसा, खर्रा

डिसेंबर-जानेवारीत रात्री दोननंतर दव पडतं आणि आवाज बसतो. अंगात पातळ पोशाख, मधल्या वेळात विंगेत उभं राहणं, आणि तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू. खर्ऱ्याने तोंड कोरडं पडतं, जीभ जड होते, सुपारीचा कण घशात अडकतो आणि विनोदाची वेळ चुकते. नाटकाच्या दिवशी दुपारपासून बंद. विंगेत थर्मासमध्ये कोमट पाणी, दर प्रवेशानंतर दोन घोट. गार पाणी, लिंबू सरबत, भजी नको. संध्याकाळी सातलाच हलकं जेवून घ्यावं. गावकरी रात्री नऊला पंगतीला बसवतात आणि आग्रह मोडवत नाही, तेव्हा ताटात थोडं घेऊन बसा. पोट भरलेलं असलं की श्वास वर अडतो आणि लांब वाक्य मध्येच तुटतं. विंगेत अंगावर घोंगडी असावी आणि कानाला रुमाल बांधलेला.

डॉल्फीला शेवटच्या वर्षांत फुप्फुसांच्या जुनाट रोगाने गाठलं होतं. तरी 2010 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, मनिलाच्या चित्रपट महोत्सवात त्याला एकाच वर्षी उत्कृष्ट अभिनेता आणि उत्कृष्ट सहायक अभिनेता असे दोन्ही मान मिळाले, वेगवेगळ्या सिनेमांसाठी.

हिशेब आणि बाकीचे आठ महिने

बाहेरगावचं बोलावणं आलं की चार गोष्टी कागदावर घ्या: तारीख, नाइटचे पैसे, इसार किती, आणि जायची-यायची गाडी कोणाची. पाचवी गोष्ट लोक विसरतात: खेळ पावसाने किंवा गावात मयत झाल्याने रद्द झाला तर इसाराचं काय. हे बोलायला अवघड वाटतं, पण रद्द झाल्यानंतर बोलणं त्याहून अवघड. जोडीदाराचे पैसे वेगळे लिहून घ्या आणि त्याच्या हातात द्यायला लावा. जोड्या फुटतात त्या बहुतेक पैशावरून.

निवडणूक आली की विनोदी नटाला पक्षवाले बोलावतात. डॉल्फीलाही राजकारणात ये म्हणून आग्रह झाला. उभं राहणं सोपं आहे, निवडून आलो तर काय करायचं, अशी त्याची थट्टा तिकडे प्रसिद्ध आहे, आणि तो शेवटपर्यंत उभा राहिला नाही. ग्रामपंचायतीच्या प्रचारात एका बाजूने विनोद केलेल्या नटाला त्या गावातला अर्धा मंडप पुढच्या हंगामात हसत नाही, हे गणित कोणीही करू शकतं.

होळीनंतर तेंदूपत्ता, मग रोवणी. ह्या काळात तालीम होत नाही, पण वही चालू ठेवता येते. बाजारात, बँकेच्या रांगेत, धान खरेदी केंद्रावर ऐकलेलं एकेक वाक्य, कोण म्हणालं ते न लिहिता, कशावरून म्हणालं ते लिहून. डॉल्फी मंचावरून सिनेमात, तिथून टीव्हीवर आणि पुढे स्वतःच्या कंपनीत गेला. आता पोरं मोबाइलवर तीस सेकंदांचे व्हिडिओ टाकतात, त्यात वाईट काही नाही. फक्त हंगामात जे मंचावर करणार ते आधी मोबाइलवर दाखवू नका. ते पाहून झालेलं गाव तिकीट काढून पुन्हा त्यालाच हसत नाही. मोबाइलवर जोडीदारासोबतचे छोटे तुकडे टाकावेत. गाडीचा प्रवेश मंचासाठी राखावा, आणि त्याचा बांबू, आकडे, दोरी पावसाळ्यात माळ्यावर कोरड्या जागी ठेवावी. भाऊबीजेआधी दोरी उंदरांनी कुरतडली तर नाही ना ते पाहून मगच परत टांगावी.